आईच्या नावाचा घास

लहान मूल दिसलं की शकूमावशी आधी स्वतःची ओळख करून द्यायची. कालच कडेवर घेऊन हिंडवलेलं पोर असलं तरी आज पुन्हा त्याच्यासमोर उकिडवी बसून म्हणायची, "मी शकूमावशी. समोरच्या घरातली. नाही ओळखलंस तरी चालते." पोराची आई हसायची, मावशी मात्र गंभीर असायची. "लेकराचं दिमाग म्हणजे विरजण घातलेलं दूध," ती सांगायची. "दही लागेपर्यंत घाई करू नै. अन् विसरलं म्हणून रुसू तर बिलकुल नै."

मलकपेठेत ती आमच्या समोर राहायची. काका पाटबंधारे खात्यात कारकून होते. मूलबाळ नव्हतं. गल्लीतली कितीतरी पोरं तिच्या अंगाखांद्यावर वाढली, वडिलांच्या बदल्या झाल्या तशी गेली आणि तिला साफ विसरली. तिला त्याचं काही वाटत नसावं असं मी धरून चालले होते. माणूस हसतमुख असलं की आपण त्याच्याबद्दल फार काही धरून चालतो.

माझी आई गेली तेव्हा मी पावणेदोन वर्षांची होते आणि दादा चौदाचा. शेवटच्या दुखण्यात आईला मावशीनंच सांभाळलं. दादाला आईचं सगळं आठवतं. तिचा खोकला, औषधाच्या बाटल्या, भाजी निवडताना गुणगुणणं. काही गोष्टी विसरता आल्या तर बरं, असं तो कधी कधी म्हणतो आणि मला त्याचा राग येतो. माझ्या वाट्याला आईची एकच आठवण आली. ती पाटावर बसली आहे, अंगावर कोरी हिरवी साडी, हातभर बांगड्या. वड्याचा तुकडा खिरीत बुडवून ती माझ्या तोंडात घालते आहे. चेहरा कधीच दिसला नाही. तरी तेवढ्या घासावर मी लहानाची मोठी झाले.

पुढे मी बालमानसशास्त्र शिकवू लागले, दिलसुखनगरच्या एका कॉलेजात. आसपास शिकवण्यांचे क्लास एवढे की चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे आईबाप मला रस्त्यात गाठून विचारायचे, याची याददाश्त वाढवायला काय देऊ? मी मावशीला हे सांगितलं की ती खो खो हसायची. "लोकांचं दिमाग शिकवतीस, अन् माझा चष्मा कुठं ठेवलास ते याद नै तुला!"

दोन वर्षांपूर्वी वर्गात मी पहिल्या आठवणींबद्दल बोलत होते. प्रसंग ओवून ठेवणारा मेंदूतला भाग पहिली काही वर्षं अजून घडतच असतो. तिथं नव्या पेशींची भर इतक्या वेगानं पडते की जुनी गुंफण सुटत जाते. म्हणून तीन वर्षांच्या आतलं बहुतेकांना काही आठवत नाही आणि वयात येतानाचं मात्र जन्मभर पुसत नाही. ओघात मी माझी आठवण सांगितली. मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या होता?"

"दीड-पावणेदोन," मी म्हणाले, आणि माझी मीच थांबले. वीस वर्षं जे शिकवत होते ते स्वतःला कधी लावून पाहिलंच नव्हतं. पाहायचं नव्हतं म्हणा.

संध्याकाळी दादाला फोन केला. घासाची ती आठवण त्याला पहिल्यांदाच सांगितली. तो म्हणाला, "अगं, खिरीत बुडवलेला भरड्याचा वडा! आपल्या घरी ते वडे श्राद्धपक्षाशिवाय कधी तळलेत का?"

मग त्यानं सांगितलं. ती अविधवा नवमी होती. नवरा हयात असताना गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात, तिची ओटी भरतात. आत्या म्हणत होती, लेकुरवाळी सवाष्ण बघा. बाबांनी हट्टानं शकूमावशीला बोलावलं. मी साडेतीन वर्षांची होते. सकाळपासून घरात एकच ऐकत होते, आज आईचं पान आहे, आईसाठी खीर आहे. नव्या हिरव्या साडीतली बाई त्या पानावर येऊन बसली. ती माझ्यासाठी दुसरी कोण असणार?

दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे गेले. तोवर ती फार थकली होती, कॉटवरून उठत नव्हती. मी विचारलं, "मावशी, तो घास तू दिला होतास?"

"हौ," ती म्हणाली. जराही दचकली नाही. "तू मांडीवर येऊन बसलीस अन् आई म्हणालीस. तुझे बाबा म्हणाले, बाळ, ही आई नाही. मी हातानंच त्यांना गप्प केलं. पानावर तिच्या नावानं बसले, ओटी तिच्या नावानं घेतली. मग एक घास तिच्या नावानं दिला तर काय बिघडलं?"

"पण इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुझ्यापाशी आईचं दुसरं होतंच काय? ते कायकू काढून घेऊ?" मग तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. "अन् मलाही कोणी कधी आई म्हणालं नव्हतं गं. एकदाच काय ते. तेवढं मी ठेवून घेतलं."

मला रडू फुटलं. आई दुसऱ्यांदा गेली होती आणि तरी समोर खाटेवर बसलेलीही होती. तिचा हात हातात घेतला. हाक अगदी ओठांवर आली होती. यावेळी समजून उमजून मारायची होती. पण पन्नाशीच्या बाईला लाज वाटते, कशाची कोण जाणे. "येते मावशी," मी म्हणाले.

"हौ, हल्लू जा. रस्त्याला गर्दी असंल."

चौथ्या दिवशी ती गेली.

आईला विसरले तेव्हा मी पावणेदोन वर्षांची होते, त्यात माझा काही दोष नव्हता. ती हाक मारायची राहिली तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते.