अंजनाक्कानं वेळ बदलली

आमच्या गावच्या दूध संस्थेत अंजना चौगुले एकोणीस वर्षं फॅट काढायची. किटलीतलं मापभर दूध मशीनला लावायचं, ज्यावर दर ठरतो तो फॅटचा आकडा सांगायचा, पुढचं माप घ्यायचं. गाव कोल्हापूरजवळ, उचगावच्या पलीकडं. घरटी दोन-तीन म्हशी, आणि बऱ्याच बायका आता एमआयडीसीत कामाला. सगळे तिला अंजनाक्का म्हणायचे. मी त्याच संस्थेचा सेक्रेटरी होतो. पुढं जे झालं त्यात माझाही हात आहे, ते आधीच सांगून टाकतो.

चेअरमन अमरसिंह. वडील चेअरमन होते, म्हणून हा चेअरमन. म्हशीच्या कासेला याचा हात कधी लागला असेल असं मला वाटत नाही. उरलेले दहा संचालक त्याच्याकडं बघून मान हलवायचे. आडवी हलवायची की उभी, एवढंच काय ते त्यांचं शिक्षण.

दोन वर्षांपूर्वी संस्थेचं दूध आटायला लागलं. सकाळचं अकराशे लिटर होतं, ते सहाशेवर आलं. एका खाजगी डेअरीचा टेम्पो गावात यायला लागला होता आणि सभासद तिकडं दूध घालत होते. संचालकांनी आधी सभासदांना गद्दार म्हणून बघितलं, मग म्हशींच्या जातीला नावं ठेवली. शेवटी अमरसिंहनं पुण्याहून एमबीए केलेला धैर्यशील नावाचा एक पावणा आणला आणि पन्हाळ्याला हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर ठेवलं. विषय होता, ‘बदलत्या काळातील नेतृत्व’.

मी गेलतो, इतिवृत्त लिहायला. धैर्यशीलनं पडद्यावर बाण दाखवले, गोल दाखवले, प्रत्येकाला रंगीत चिठ्ठीवर आपलं स्वप्न लिहायला लावलं. आमच्या एका संचालकानं ‘जिल्हा परिषद’ लिहिलं. दुपारी तांबडा-पांढरा रस्सा ओरपून सगळे गडावरच्या सज्जाकोठीवर फोटो काढायला गेले. ठराव तीन झाले. संस्थेचं बोधचिन्ह बदलायचं, कर्मचाऱ्यांना निळे टी-शर्ट द्यायचे, मोबाइलवर ॲप काढायचं. दूध का गेलं, हे दोन दिवसांत कुणी विचारलं नाही. फॅट काढणाऱ्या बाईला तर कुणी बोलावलंही नव्हतं.

त्याच दोन दिवसांत अंजनाक्का घरोघर फिरली. तुटलेल्या सभासदांच्या उंबऱ्यावर जाऊन नुसतं विचारलं, ‘का गं बाई?’

तानाबाईनं तिला उभ्याउभ्याच सुनावलं. ‘सहाला कंपनीची गाडी येती. तुमची संस्था साडेसहाला कुलूप काढती. म्हशीचं दूध डोस्क्यावर घिऊन कंपनीत जाऊ व्हय? तो टेम्पो पाचला दारात हुबा ऱ्हातोय की!’

पंचवीस घरांत हेच उत्तर मिळालं. दरावर, फॅटवर फारसं कुणी बोललं नाही.

पुढच्या मीटिंगला अंजनाक्का न बोलावता आत आली आणि अमरसिंहला म्हणाली, ‘आबा, संकलन पावणेपाचला सुरू करूया. आदी जिल्हा संघाची गाडी दूध न्यायला आठला यायची, तवर दूध नासाय नको म्हणून आपण साडेसहा धरलतं. आता कूलर हाय. दूध जाग्यावरच गार ऱ्हातंय. मग साडेसहा कशापायी?’

कूलर येऊन चार वर्षं झाली होती. अकरा संचालकांच्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं. माझ्याही नाही.

अमरसिंह हसला. ‘अक्का, तू फॅट काढ. धोरण आमी बघतो.’ दहा माना उभ्या हलल्या.

संस्थेची एक किल्ली तिच्याकडं असायची. सोमवारी पहाटे पावणेपाचला तिनं शटर वर केलं. कुणाला विचारलं नाही. नवरा जिनपाल दिवा लावून पायरीवर बसला. पहिल्या दिवशी नऊ बायका आल्या. बारा दिवसांत सकाळचं दूध साडेआठशेवर गेलं. ती साडेआठपर्यंत थांबायची, म्हणजे जुन्या वेळेच्या माणसांचीही अडचण नको. पावणेदोन तासांचं जादा काम, टी-शर्टाशिवाय.

संचालकांना हे तेराव्या दिवशी कळलं. पहाटे उठणारा त्यांच्यात एकही नव्हता.

मीटिंग तातडीची. अमरसिंहचा चेहरा लाल. मी भीत भीत म्हणालो, ‘आबा, दूध तर वाढलंय.’

‘वाढलंय ते दिसतंय,’ तो गरजला, ‘पर कुणाला इचारून वाढलं?’

ठरावाविना वेळ बदलली, शिस्त मोडली, लेखी माफी द्यावी, अशी नोटीस निघाली. ती मी टाइप केली. खाली सही माझी.

अंजनाक्कानं नोटीस दोनदा वाचली. मग म्हणाली, ‘माफी लिवाय येती मला. पर पाचला तानाबाई किटली घिऊन हुबी ऱ्हाईल, तिला काय सांगायचं ते तुमी लिवून द्या.’

तिनं किल्ली टेबलावर ठेवली आणि गेली.

खाजगी डेअरीचा माणूस दुसऱ्याच दिवशी तिच्या दारात आला. ओसरीवर संकलन केंद्र चालवा म्हणाला. तिनं नाही सांगितलं. तिच्या सासऱ्यानं संस्थेच्या इमारतीसाठी बैलगाडीनं दगड वाहिले होते, ती संस्था तिला मोडवेना. आठ दिवस ती घरात बसून होती. जिनपाल सांगायचा, पहाटे उठून नुसतीच अंगणात फिरायची. संस्थेत शटर पुन्हा साडेसहाला उघडू लागलं. बायका परत टेम्पोकडं गेल्या, आणि टेम्पोवाला मापात मारतो म्हणून तिच्याच दारात येऊन रडायला लागल्या. तेव्हा तिनं डेअरीच्या माणसाला बोलावलं आणि अट घातली, ‘फॅट मी काढणार. आकडा बायकांच्या म्होरं सांगणार. जमत आसंल तर मशीन आणा.’

मशीन आलं. टेम्पोवाला बदलला. दिवाळीपर्यंत निम्मं गाव तिच्या ओसरीवर होतं. उन्हाळ्यात संस्थेत सकाळी दीडशे लिटरसुद्धा जमेना. त्यातलं बरंचसं संचालकांच्या भावकीचं, तेही लाजेकाजेनं. एका संचालकाची बायको तर पदर पुढं ओढून अंजनाक्काकडंच दूध घालायची. ॲप मात्र निघालं. ते उघडलं की पहिल्यांदा अमरसिंहचा फोटो येतो.

मी पावसाळ्यात राजीनामा दिला. एके सकाळी तिच्या ओसरीवर गेलो. म्हणालो, ‘अक्का, चुकलं माझं. त्यांनी सांगितलं म्हणून सही केली.’

ती मशीन पुसत होती. मान वर न करता म्हणाली, ‘त्यास्नी कळत न्हवतं, सेक्रेटरी. तुमाला कळत हुतं.’

तिनं चहा दिला. शेजारच्या गावातली एक बाई केंद्र काढणार होती. तिला मशीन शिकवायला जायचं म्हणून जिनपालनं गाडी सुरू केली, आणि दोघं निघून गेली.