एकशे साठ पावलं

गिरधरनाना रस्त्यात समोरून आले आणि आपण "काय नाना, कुठे निघालात?" असं विचारलं, तर ते उत्तर देत नसत. बघतही नसत. ओठ किंचित हलत, उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असे आणि पाऊल एका लयीत पुढे पडत असे. धुळ्याच्या आमच्या गल्लीत नव्याने राहायला येणारी माणसं त्यांना आधी शिष्ट म्हणत, मग थोडे वेडसर म्हणत, आणि सहा महिन्यांनी स्वतःच पोरांना दटावत, "हाक मारू नका रे, नानांची मोजणी चालू आहे." मोजणी संपली की नाना चार घरं मागे येत आणि म्हणत, "हां, आता बोला."

माझे वडील, अप्पा, जमीन मोजणीच्या खात्यात होते आणि नाना त्यांच्या हाताखाली साखळी धरायचे. शेतात लोखंडी साखळी ताणायची, खुणेचे दगड रोवायचे, भांडणाऱ्या भाऊबंदांच्या मधे उभं राहायचं, हे त्यांचं काम. नोकरीला लागले तेव्हा एका जुन्या मोजणीदाराने जमिनीवर खडूच्या रेघा मारून त्यांच्याकडून अडीच फुटांचं पाऊल घोटून घेतलं होतं. ते पाऊल पुढे त्यांच्या अंगात इतकं मुरलं की लग्नात सप्तपदीलाही त्यांनी अडीच फुटांची पावलं टाकली आणि नवरी मागे ओढली गेली, असं अप्पा सांगायचे. नानांच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात चिंचोके असत. शंभर पावलं झाली की एक चिंचोका उजव्या खिशात जाई. माझं लग्न जळगावला झालं, तेव्हा मांडववाल्याने ठरल्यापेक्षा चार पावलं मांडव आखूड घातला हे नानांनी अक्षता पडायच्या आधीच शोधून काढलं. मांडववाला टेप घेऊन आला. टेपनेही नानांचीच बाजू घेतली, पण नानांना त्याचं काही वाटलं नाही. "टेप जमीन मोजस, पाय वाट मोजस," एवढं म्हणून ते जेवायला बसले.

आता माझ्याविषयी एक सांगायला हवं. मी घरातली एकुलती मुलगी, माझ्या पाठचे दोन भाऊ. तरी आई मला 'धाकली' म्हणते. सासरी जळगावजवळ पिंप्राळ्याला आल्यावर सासूबाईंनी विचारलं, धाकली तर मग थोरली कोण? मला माहीत नव्हतं. आईला विचारलं तेव्हा तिने पोळी उलटली आणि गॅस बारीक केला. थोरली होती, हे मला पुढे मावशीकडून कळलं. आईचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, दोंडाईच्याजवळच्या खेड्यात. मुलगी झाली, पण रडलीच नाही. बायकांनी आईला तोंड पाहू दिलं नाही. पाहिलं की जीव अडकतो, म्हणाल्या. अप्पा तेव्हा दोन गावं पलीकडे मोजणीच्या कॅम्पवर होते. निरोप गेला तसे ते आणि नाना आले, बाळ घेऊन वावरात गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. कुठे ठेवलं, हे आईने किती वेळा विचारलं असेल. अप्पांनी कधीच सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी अप्पा गेले. वर्षश्राद्ध झालं आणि आई माझ्याकडे राहायला आली. एके दिवशी मेथी निवडता निवडता म्हणाली, "धाकले, गिरधरभाऊ आहेत ना अजून? मला ती जागा एकदा पाहायची आहे. माझेही दिवस भरत आले." तिला शहात्तरावं चालू होतं. मी तिथेच नानांना फोन लावला. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग नाना म्हणाले की विहिरीच्या थारोळ्याकडे पाठ करायची आणि नाकासमोर बांधाकडे एकशे साठ पावलं जायचं. छप्पन्न वर्षांनी त्यांना आकडा आठवायला वेळ लागला नव्हता. वेळ लागला तो आवाज नीट करायला.

आम्ही जळगावहून रेल्वेने आणि नाना धुळ्याहून एसटीने दोंडाईच्याला पोचलो. पुढे रिक्षा. नाना आता ऐंशीचे, हातात काठी, पण खिशात चिंचोके होतेच. मामांनी ते वावर केव्हाच विकलं होतं. आताचे मालक भले माणूस. विहिरीवर मोटर बसली होती, पण मोटेचं पाणी पडायचं ते दगडी थारोळं जागेवर होतं. आई थारोळ्याशी थांबली आणि नानांना म्हणाली, "यांनी मला का नाही सांगितलं हो कधी?"

नाना म्हणाले, "साहेबांनाच ठाऊक नव्हतं वहिनी. ते इथेच बसले, या दगडावर. त्यांचे पायच उचलेनात. पुढे मी एकटा गेलो. कोणाला सांगू नको म्हणाले होते."

आई त्या दगडाकडे बघत राहिली. नवऱ्यावर छप्पन्न वर्षं ज्या गोष्टीसाठी ती रुसली होती, ती त्या बिचाऱ्याकडे नव्हतीच. "सांगायचं तरी," असं ती पुटपुटली आणि त्या दगडावर, जिथे अप्पा बसले असतील तिथे, घटकाभर बसली. मला रडू आवरलं नाही, हे कबूल करते.

मग नाना निघाले. ओठ हलायला लागले, अंगठा पेरांवर फिरायला लागला. शंभराला चिंचोका सरकला. एकशे साठाव्या पावलाला ते थांबले आणि आम्ही सगळे थांबलो, कारण समोर एक म्हैस होती. चांगली गाभण, खुंट्याला बांधलेली, रवंथ करत. खुंटा बरोबर जागेवर. तिथे एक दगड होता, तो कसा काय गेला, असं नाना म्हणाले. मालकांनी म्हैस सोडून बाजूला केली. आईने खुंट्यापाशी हळदकुंकू वाहिलं, पेढे ठेवले आणि पिशवीतून एक पिवळं झबलं काढलं. ते तिने कधी शिवलं, मला माहीत नाही. ते ठेवून ती वाकली आणि बराच वेळ वाकलेली राहिली. परतताना गाडीत ती शांत झोपली. अप्पा गेल्यापासून ती अशी झोपली नव्हती.

नाना मात्र एसटीत बसेपर्यंत पेरांवर अंगठा फिरवत होते. त्यांना एक गोष्ट खुपत होती. त्या दिवशी बाळाला मातीत ठेवून उठताना आपण बांधाला हात टेकला होता असं त्यांना आठवत होतं, आणि बांध तर म्हशीपासून लांब होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. त्यांच्या घरापासून मारुतीचं देऊळ दोनशे बारा पावलं. हे त्यांनी तरुणपणी मोजलं होतं आणि परत कधी मोजलं नव्हतं, कारण "मोजेल रस्ता दोनदा कोन मोजस?" हे त्यांचं तत्त्व होतं. त्या दिवशी त्यांनी तत्त्व मोडलं. देऊळ दोनशे ऐंशीवर आलं. देऊळ काही हललेलं नव्हतं. नानांचं पाऊल आखडलं होतं, वावरात शंभरेक फूट कमी पडले होते, आणि ज्या माणसाने आयुष्यभर जगाला आपल्या पावलाने मोजलं, त्याला पाऊल मोजायचं सुचलं नव्हतं.

"बेटा," ते म्हणाले, "वहिनी म्हैसना खुंटाले पाया पडी उनी. जागा ती नही शे."

मी म्हटलं, नाना, जाऊ द्या. आई सुखी आहे. शंभर फुटांनी काय बिघडतं? वावर तेच, माती तीच. मी हे फार शहाणपणाने म्हटलं. आयुष्यात नाना माझ्यावर चिडले असतील तर त्याच दिवशी. दोन भाऊ हातभर बांधासाठी कुऱ्हाडी काढतात ते मी पाहिलंय, म्हणाले, आणि तू मला शंभर फूट सोडून द्यायला सांगतेस? मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी मरी गऊ ते कोन दखाडी?"

ती जागा दाखवणारं दुसरं कोणी नव्हतंच. मग मी आईला सांगितलं. घाबरतच सांगितलं. आई पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. "म्हशीची ओटी भरली म्हणायची मी," म्हणाली. "असू दे. गाभण होती बिचारी."

चारशे फुटांचा टेप घेऊन जाऊ, असं मी सुचवून पाहिलं. नाना म्हणाले, मी फूट गेलोच नव्हतो, पावलं गेलो होतो. ढेकळांत पाऊल थोडं आखडतं, चढाला आणखी आखडतं, ते टेपला काय कळणार? त्यांचं पाऊल आता परत मिळणार नव्हतं. म्हणून ते कोणाच्या तरी पायात घालायचं ठरलं, आणि ते पाय माझे ठरले.

चोपन्नाव्या वर्षी मी चालायला शिकले. धुळ्याला नानांच्या अंगणात खडूच्या रेघा मारलेल्या, नाना खुर्चीत, हातात काठी, आणि शेजारणी गच्चीवर वाळवणाच्या निमित्ताने जमलेल्या. मी पदर खोचून रेघांवरून ये-जा करत होते.

"नवरी चाली राहिनी का?" नाना ओरडत. "आपले वावर मोजनं शे."

दोन दिवसांनी त्यांनी रेघा पुसायला लावल्या आणि मला मारुतीपर्यंत पाठवलं. मी दोनशे चौदा आणले. देवासाठी दोन सोडले, असं म्हणून त्यांनी मला पास केलं. माझे गुडघे पुढचे आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हते.

पुन्हा आम्ही तिघं त्या विहिरीवर. नानांनी आपल्या खिशातला एक चिंचोका माझ्या हातात दिला. मी थारोळ्याकडे पाठ केली आणि निघाले. मागे आई, तिच्या मागे काठी टेकत नाना. शंभराला चिंचोका या हातातून त्या हातात घेतला. म्हशीचा खुंटा उजवीकडे मागे पडला. एकशे साठावं पाऊल टाकलं तेव्हा माझ्या चपलेचं टोक बांधाच्या पायथ्याशी उगवलेल्या एका दगडाला लागलं.

त्या बांधाला असे तीन-चार दगड होते. हा मात्र बांधापासून हातभर आत होता. मालक म्हणाले, हा सरकारी दगड. आमच्या बापाने याच्यावरून शेजाऱ्याशी भांडण काढलं होतं, पण दगड कोणी हलवला नाही. सरकारी दगडाला हात लावायचा नाही, एवढं सांगून बाप गेला. नांगरही वळसा घालून जातो.

नाना दगडाजवळ खाली बसले. बाळाला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी कॅम्पवरून आणून त्यांनीच तो रोवला होता. झाड तोडतील, ढीग नांगरतील, पण मोजणीच्या दगडाला कोणी हात लावणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "पस्तीस वर्षांच्या नोकरीत एवढा एकच खोटा दगड रोवला," ते म्हणाले आणि मालकांकडे बघून त्यांनी हात जोडले. मालक हसले. आमच्या बापाला सांगायला पाहिजे होतं, म्हणाले, उगाच दोन वर्षं अबोला धरला. जाता जाता त्यांनी हेही सांगितलं की मागच्या वेळचं झबलं म्हशीने खाल्लं आणि तिला पारडी झाली.

आईने या वेळी नुसतं हळदकुंकू आणलं होतं. ते वाहून ती दगडाशेजारी मांडी घालून बसली, त्यावर हात ठेवून. मग तिने नानांना विचारलं. मला वाटतं तिला जागेपेक्षा हेच विचारायचं होतं आणि थोरलीला पाहिलेला तो एकच माणूस आता उरला होता.

"भाऊ, कशी व्हती ती?"

नाना म्हणाले, "केस काया कुट्ट व्हतात. डोकं भरी." मग त्यांनी डावा हात पुढे केला, बाही वर सारली आणि उजव्या हाताचं बोट कोपरावर ठेवून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत नेलं. "आठेपाईन आठेलगून."

नाना मोजल्याशिवाय काही उचलत नसत. आई त्या हाताकडे पाहत राहिली. मग हसली, आणि मला म्हणाली, तूही एवढीच होतीस, पण केस नव्हते तुला, टकली होतीस. त्या दिवशी तिने थोरलीची आणि माझी पहिल्यांदा तुलना केली आणि मला ती आवडली. मी मनातल्या मनात थोरलीला अक्का अशी हाक मारून पाहिली.

स्टेशनवर निरोप घेताना मी चिंचोका परत द्यायला गेले. नानांनी तो माझ्या मुठीत तसाच बंद केला. "आते हाई वाट तुन्हा पायमा शे," म्हणाले. "मी मोकया झाऊ."

गेल्या थंडीत नाना गेले. सकाळी फोन आला आणि आम्ही दोघी पहिल्या एसटीने धुळ्याला पोचलो. गल्लीत गर्दी होती. नव्याने आलेली माणसंही होती, ज्यांनी त्यांना कधीकाळी शिष्ट म्हटलं होतं. रीतीप्रमाणे जो येत होता तो पायांवर डोकं ठेवून बाजूला होत होता. एवढे मोजणारे ते पाय, त्यांना नमस्कार करावा असेच होते. मीही केला.

आई पायांशी थांबली नाही. ती पुढे जाऊन नानांच्या डाव्या अंगाला बसली. चादर थोडी सारून तिने त्यांचा डावा हात बाहेर घेतला. कोणीतरी तिला थांबवायला पुढे आलं, त्यांना मी हात धरून मागे ठेवलं. आईने कोपरापासून सुरुवात केली आणि तळवा, मग बोटं, असा हात फिरवत मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आणला. तिथे थांबली. मग तो हात तिने दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरला आणि थोडा वेळ तशीच बसून राहिली.