करंट बंद, तरी अठ्ठ्याऐंशी

"अण्णा, तुमच्या एका आकड्यापायी माझा प्रोजेक्ट बंद होतोय," कविता माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली. ही बेळगावची, आमच्या लॅबमधली डिझायनर. तीन वर्षं खपून तिनं मोजून तीन अणूंच्या जाडीच्या पापुद्र्यावर ट्रान्झिस्टर बनवला होता. तो चालताना खोलीपेक्षा नव्वद अंशांनी जास्त तापतो, असा रिपोर्ट मी दिला होता. असला पार्ट कोण घेणार? दुपारी चारला रिव्ह्यू होता.

"अगं, आकडा म्हणजे आकडा," मी म्हणालो. वीस वर्षं तापमान मोजतोय, घमेंड थोडी का असणार!

इतक्या पातळ वस्तूला थर्मामीटर लावता येत नाही. थर्मामीटरच तिची उष्णता खाऊन टाकेल. म्हणून तिच्यावर लेझरचा बारीक ठिपका टाकायचा. परतणाऱ्या प्रकाशाचा रंग तापमानाप्रमाणे किंचित सरकतो, तेवढं मोजायचं.

"करंट बंद ठेवून रीडिंग घेतलंत?"

"बंद पार्टचं काय मोजायचं? थंडच असणार. थंडचा आकडा मी जुन्या फाइलमधून उचलला."

"स्वल्प बघा तरी."

ही एकदाची जावी म्हणून बघितलं. करंट शून्य. रीडिंग खोलीपेक्षा अठ्ठ्याऐंशी अंश जास्त!

मी केबल हलवून पाहिली. मग आठवलं. लेझर मंद ठेवला तर एकेका ठिपक्याला पाव तास लागतो. लवकर सुटून घरी जायची चामराजपेटची बस गाठावी म्हणून मीच त्याची पॉवर वाढवली होती. पापुद्रा भाजत होता तो माझा लेझर. मी कविताला तसं सांगितलं.

"अगंबाई! म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी?"

मला तिच्याकडे बघवेना. पॉवर उतरवली, थंडचं रीडिंग नव्यानं घेतलं, न जेवता सगळं परत मोजलं. ट्रान्झिस्टर तापत होता जेमतेम दोन अंश.

चार वाजता रिव्ह्यूत लॅबच्या सरांनी विचारलं, "पहिला रिपोर्ट कुणाचा?"

"माझा, सर."

"आणि एवढं तापवलं कुणी?"

"तेही मीच."

सगळे खो खो हसले. कविता तेवढी हसली नाही, डोळे पुसत होती. प्रोजेक्ट वाचला.

तेव्हापासून काही गरम आहे म्हणायच्या आधी मी सगळं बंद करून एकदा मोजतो. वीस वर्षांचा अनुभव असलेल्यानं दोनदा मोजावं.