लाईन बंद

दूध वर यायला आणि दारावर थाप पडायला एकच गाठ पडली. "आत्ता कोण तडमडलं?" म्हणत ताईने गॅस बंद केला. धाकटा ओट्याशी उभा राहून एचआयव्हीची रोजची गोळी गिळत होता. ती त्याने ताईच्या डोळ्यांदेखत घ्यायची, असा तिचा दंडकच होता.

दारात वस्ताद उभे. धाकट्याला वायरिंगचं काम त्यांनीच शिकवलेलं. उजव्या हाताला बँडेज.

"बसा ना वस्ताद, चहा टाकते."

"टाक. तोवर या शहाण्याला एकच विचारतो." ते खुर्चीत टेकले. "काल विसरलास, की मस्ती केलीस? विसरला असशील तर कान उपटीन आणि कामावर नेईन. मस्ती असेल तर आपला रामराम."

धाकट्याने पाण्याचा ग्लास उगाच विसळला.

त्यांच्या कामाची रीत सरळ होती. ज्याने फ्यूज काढायचा त्यानेच तो खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरं कुणी येऊन बसवू शकत नाही. मग खिशावर थाप मारून ओरडायचं, 'लाईन बंद!' त्या शब्दावर दुसऱ्याने वायरीला हात घालायचा. काल वरच्या मजल्याचा फ्यूज धाकट्याच्या खिशातच राहिला होता. खाली आल्यावर खालचा काढायचा राहिला. त्याने खिसा चाचपला, हाताला फ्यूज लागला आणि तो ओरडला. वस्तादांनी चालू वायरीला हात घातला आणि शॉक बसून ते शिडीवरून फेकले गेले.

इथवर सगळं विसरणंच होतं. पण ओरडायच्या आधी क्षणभर त्याच्या मनात आलं होतं, हा वरचा तर नाही ना? जाऊन बघावं. आणि त्याच दमात, जाऊ दे, असेल बंद. याला काय म्हणायचं?

मागे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "विषाणू दबलेला आहे, छान. तरी या आजारात काहींचं लक्ष उडतं, मागचापुढचा विचार करायची सवय ढिली पडते. अर्थात तुमच्या वयात उड्या सगळेच मारतात. काही चाचण्या करू, मग बघू." चाचण्यांना तो गेलाच नव्हता.

"अहो, हा लहानपणी छत्री उघडून माळ्यावरून उडी मारायचा," ताई कप देत म्हणाली. तिला बाजू सावरायची होती, पण धाकटा आणखीच गोंधळला. तेव्हा तर रक्तात काही नव्हतं! मग काल 'जाऊ दे' म्हणालं ते कोण? तो छत्रीवाला पोरगा, की आजार? की आजाराच्या आडून तो स्वतःच?

"अरे, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?"

"वस्ताद, मला खरंच कळत नाहीये."

"स्वतःचं स्वतःला कळत नाही?"

"नाही." आजाराचं नाव जिभेवर आलं होतं. ताईने हळूच मान हलवली, पण सांग म्हणून की नको म्हणून, तेही त्याला उमगलं नाही. ते नाव त्याने परत गिळलं. "विसरलो म्हटलं तर अर्धं खोटं होईल. मस्ती केली म्हटलं तरी अर्धं खोटंच. डॉक्टरांकडे जाऊन डोकं तपासून घेतो. पण काम सोडवत नाही हो."

वस्तादांनी डाव्या हाताने कप खाली ठेवला. "मग मी करू तरी काय?"

"एवढंच करा. मी 'बंद' म्हणालो तरी टेस्टर लावून बघितल्याशिवाय वायरीला हात लावू नका."