नवसाच्या कोंबड्याचा डोळा

अक्षर किरटं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल, त्याबद्दल आधीच माफी. माझी शाळा चौथीनंतर सुटली. चार माणसांत बोलायची मला लाज वाटते, म्हणून लिहून ठेवते.

मी भाऊंच्या घरी पोचले तेव्हा ते कोंबड्याला वाफ देत होते. कोंबडा घोंगडीत गुंडाळलेला, डोक्यावर फडकं, पुढे उकळत्या पाण्याचं पातेलं.

"सर्दी झालीया त्याला," भाऊ म्हणाले. "बाम पन लावलाय."

"कुटं?"

"नाकाला. जरासा डोळ्यात गेला."

मावशी, म्हणजे भाऊंची बायको, आतून ओरडली, "माज्या गुडघ्याला मागितला की बाम संपलेला असतोय!"

आमचं गाव पवनानगरच्या अलीकडे. मी गावची पशुसखी आहे. म्हणजे कोंबड्यांना लस द्यायची, साधे उपचार करायचे आणि दुखणं मोठं असेल तर डॉक्टरांना फोन करायचा. भाऊंचा मुलगा वराळ्याकडे कंपनीत परमनंट झाला. त्यासाठी त्यांनी देवीला कोंबडा बोलला होता. तो माझ्याकडूनच घेतला, पैसे रोख दिले. नवसाचा कोंबडा अव्यंग लागतो. तुरा, नख्या, दोन्ही डोळे, सगळं धड. जत्रेपर्यंत तो माझ्याच खुराड्यात राहणार होता. पण भाऊंना दम कुठला! एक दिवसाआड त्याला काखेत मारून पाव्हण्यांना दाखवायला न्यायचे, तिथल्या कोंबड्यांत सोडायचे आणि संध्याकाळी माझ्याकडे आणून ठेवायचे. मी लाजेने काही बोलले नाही. आता तो शिंकायला लागल्यावर त्यांनी त्याला स्वतःच्या घरी नेलं होतं.

मी फडकं काढलं. एक डोळा बंद, कडेला फेस. त्या बाजूचं तोंड सुजलेलं. नाकातून घाण वासाचं पाणी, गळ्यात घरघर. मिठाचं पाणी उकळून कोमट केलं आणि कापसाने डोळा पुसला. घरी येऊन बघते तर माझ्याही दोन कोंबड्या शिंकत होत्या. मी लगेच डॉक्टरांना फोन केला. माझं घर त्या कोंबड्यांवरच चालतं.

सकाळी सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. भाऊ कोंबडा घेऊन हजर. डॉक्टरांनी आधी आम्हा दोघांना खुराड्यात गुडघ्यावर बसवलं.

"कोंबडीचं नाक असतं तिथं तुमचं नाक न्या. डोळे झोंबतात का?"

भाऊंनी टोपीसकट डोकं आत घातलं. "न्हाई. पन लय बरं बी वाटत न्हाई."

खुराड्यात खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलं राहिलं की त्याची वाफ डोळ्यांना झोंबते आणि कोंबड्यांचे डोळे त्यानेही येतात. आमचं तूस कोरडं होतं. मग डॉक्टरांनी कोंबडा तपासला आणि म्हणाले, "कोरायझा दिसतोय." कोरायझा म्हणजे कोंबड्यांची एकीची दुसरीला लागणारी सर्दी.

"बाहेरून नवीन पक्षी आणला का?"

मी खाली बघितलं. भाऊंबरोबर आलेली मावशी मागेच उभी होती. "आनला न्हाई, सायेब. हाय त्योच समद्या पाव्हन्यांकडं हिंडवून आनलाय."

डॉक्टरांनी आजारी पक्षी वेगळे करायला सांगितले आणि सगळ्यांच्या पाण्यात घालायला औषध दिलं. "औषध चालू आहे तोवर, आणि बंद केल्यावरही मी सांगेपर्यंत, मांस खायचं नाही, अंडी खायची नाहीत."

"जत्रा रविवारी हाय," भाऊ म्हणाले.

"मग हा खाऊ नका."

"आमी न्हाई वो खात. देवीला असतोय."

"आणि देवीनंतर?"

भाऊंनी टोपी काढून हातात घेतली. "आमीच."

भाऊ ऐकणारे नव्हेत. औषधातला कोंबडा चालेल का, म्हणून देवीला कौल लावायला गेले. मूर्तीला दोन फुलं चिकटवतात. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. दुपार झाली तरी एकही पडेना. शेवटी गुरव म्हणाला, "भाऊ, देवीला बी डॉक्टरच्या मदी पडायचं न्हाई. नारळ आन." नारळ फुटला, नवस फिटला.

कोंबडा बरा झाला, पण डोळ्यावर पांढरा ठिपका राहिला. भाऊ दारात आले. "आता व्यंग आलं. माजे पैसे दे."

पैसे मी खुराड्याच्या जाळीत घातले होते. अंडी विकून द्यावेत तर औषधातली अंडी मी खड्ड्यात पुरत होते. मला नाही म्हणता येईना, म्हणून मी भाऊंना थांबा म्हणाले. भाऊ रोज सकाळी पैसे मागायला यायचे. यायचे, माझ्याकडे वेगळ्या डाल्याखाली ठेवलेल्या कोंबड्याजवळ बसायचे, मिठाच्या पाण्याने त्याचा डोळा पुसायचे, आणि पैशांचं विसरून घरी जायचे. मीही आठवण करून दिली नाही.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मी धरणाकाठी पर्यटकांसाठी तंबू लावणाऱ्यांना अंडी द्यायला लागले आणि थोडे थोडे करून भाऊंचे पैसे फेडले. एकही कोंबडी गेली नाही. तो कोंबडा मात्र परसाच्या दुसऱ्या टोकाला एकटाच असतो. बरा झालेला पक्षीही रोग देऊ शकतो. यातून एवढंच कळलं, की कोंबडा देवाचा असला तरी पाव्हण्यांच्या कोंबड्यांत सोडू नये, आणि ज्याला सोडायचा आहे त्याला तोंडावर नाही म्हणावं. दुसरं मला अजून जमत नाही.

शेवटचे पैसे दिले तेव्हा भाऊंनी ते मोजून वरच्या खिशात ठेवले आणि खालच्या खिशातून बामची नवी डबी काढली.

"थंडी पडलीया. त्याला लावत जा."

मी नाही म्हणाले नाही. डबी घेतली आणि त्यांच्या मागच्या दाराने जाऊन मावशीला गुडघ्यासाठी दिली.