सिरक्याचा वास येणारे रोल

घरातल्या जुन्या फिल्मचे रोल तुम्ही कधी हुंगून पाहिलेत? सिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, वास आला, तर फिल्म सडू लागली आहे. मी जुने फोटो संगणकावर उतरवून देतो. दवनीवाडा गावच्या एका बिडी वळणाऱ्या मावशींनी असे सात रोल माझ्याकडे आणले होते, बिडी मजुरांच्या जुन्या मोर्च्यांचे. स्कॅनर एका फोटोला चार मिनिटं घ्यायचा, म्हणून मी फक्त भाषणांचे फोटो निवडत होतो. “बाकीचे काऊन सोडून राहिला, बाबू?” “त्यात नुसती गर्दी आहे, मावशी.” “गर्दीतच त माही माय आहे. तिचा दुसरा फोटो नाही.” मी स्कॅनर बंद केला आणि सगळेच फोटो कॅमेऱ्याने टिपायचं ठरवलं. मावशींनी बिडीचं पान कापायच्या कैचीने बुटाच्या खोक्याच्या झाकणाला खिडकी कापली आणि तिच्या दोन बाजूंना दोन चिरा पाडल्या. खोक्यात दिवा, खिडकीवर बटर पेपर, त्यावर फिल्म आणि वर स्टँडला माझा कॅमेरा. मावशी त्या चिरांतून रोल सरकवत राहिल्या, बोट फक्त कडेला लावून. तासाभरात सगळे रोल उतरले. संगणकावर निगेटिव्हमधल्या काळ्याचं पांढरं केल्यावर तिसऱ्या रांगेत नारा देणारी त्यांची आई दिसली. मावशी म्हणाल्या, “अजूनबी भांडूनच राहिली बुढी.” ते खोकं आजही माझ्या टेबलावर आहे. तुमचे रोल आजच बाहेर काढा आणि एकही फोटो न गाळता उतरवा.