वरच्या कुंडाचा चटका

समजा, रविवारी नागपुराहून निघून तुम्हाला ऊनझरीच्या गरम कुंडात आंघोळ करायची आहे आणि सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं आहे. घरची गाडी नाही. स्टँडावर उभं राहायचं आणि येईल त्या मोटारीत बसायचं. नकाशा पाहिला तर काम सोपं वाटतं. वर्धा, कळंब, यवतमाळ. तिथं मोटार बदलायची की तासाभरात ऊनझरी. आता नकाशा काढणाऱ्यानं सोडलेली एक गोष्ट त्यात घाला. कळंबला तुमची सख्खी धाकटी बहीण राहते.

धर्मपालनं ती घातली नव्हती; बहीण त्याच्या आईची होती. तो रेल्वेच्या कारखान्यात फिटर. कोणतं चाक कुठल्या चाकाला फिरवतं, हे पाहायची त्याला सवय. त्यानं सहलही तशीच जुळवली होती. पहाटेची मोटार यवतमाळला पोचली की लगेच ऊनझरीची सुटते. कुंडावर अर्धा तास. तीच मोटार परत, आणि रात्री घरी.

"मधात कुठंच उतराचं नाही, माय," त्यानं बजावलं. "एक दात चुकला का सारी मशीन बंद."

"मी कायले उतरू?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "मी काय लहान पोट्टी आहो?"

सहलीचं कारण म्हणजे गुडघे. चाळीत सगळ्यांना तेच माहीत होतं. गुडघे दुखत होते हे खरं, पण ते काही आजचं दुखणं नव्हतं. खरं कारण नळावर घडलं होतं.

ऊनझरीचं कुंड म्हणजे सत्यभामाबाईंचा हातखंडा. नळावर बायका जमल्या की त्या सुरू होत. "तिसऱ्या पायरीवर बरं वाटते. चवथीवर जीव हाय म्हणते. अन् उजव्या कोपऱ्यात पाण्याखाली काळा दगड आहे, त्यावर पाय नाही ठेवाचा. त्याच्या खालूनच उकळते!" ऐकणारीच्या तळव्याला चटका बसावा असं सांगत. एकदा धर्मपाल बादली घेऊन उभा होता. त्यानं सहज विचारलं, "माय, तू उतरली होतीस काय त्याच्यात?"

सत्यभामाबाईंनी आपली घागर उचलली आणि अर्धी भरलेलीच घरी नेली.

त्या कधीच उतरल्या नव्हत्या. त्यांच्या लहानपणी त्यांच्या वस्तीतल्या माणसांना वरच्या कुंडात पाय घालायची मनाई होती. कुंड भरून वाहायचं, ते पाणी दगडी नालीतून खाली शेताकडं यायचं. त्या नालीशी बसून दोघी बहिणी आंघोळ करत. तिथवर पोचेपर्यंत पाणी विसरून राहिलेल्या चहासारखं कोमट व्हायचं. पायऱ्या आणि काळा दगड हे सगळं त्यांच्या बापानं, उकंडानं, नालीशी बसून सांगितलेलं. आता छप्पनची दीक्षा होऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा धोंडूचा धर्मपाल झाला होता. पण सत्यभामाबाईंचं कुंड अजून उसनंच होतं. ते एकदा स्वतःच्या पायानं पाहायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

चूक त्यांनी गुरुवारी केली. मोटारींच्या वेळा पक्क्या करायला त्या स्टँडावर गेल्या, तर तिथं देवसिंग कंडक्टर भेटला. कळंबजवळच्या तांड्यातला माणूस, यवतमाळच्या मोटारीवर असायचा. बहिणीच्या गावावरून गुपचूप जायचं आणि ते बहिणीला दुसऱ्याकडून कळायचं, म्हणजे जन्माचा अबोला. म्हणून त्यांनी निरोप दिला. "रुखमीले सांगजो, रयवारी आम्ही मोटारीतून जाऊन राह्यलो. उतरत नाही. काही करू नको म्हणाव. फक्त स्टँडावर तोंड दाखव."

निरोप पोचला. देवसिंग भला माणूस. "बुढी उपाशीच निघन पहाटे," एवढं त्यानं पदरचं जोडलं.

रविवारी मोटार कळंबच्या स्टँडात शिरली, तेव्हा रुखमाबाई डोक्यावर गंज, म्हणजे मोठं पातेलं, घेऊन बरोबर मोटारीच्या नाकासमोर उभ्या होत्या.

"जयभीम, बाई! उतर."

"उतरत नाही व, रुखमे. निरोप नाही भेटला काय?"

"भेटला ना. म्हणूनच काही केलं नाही. निस्ती पाटोडी केली, भाकरी केल्या, अन् थोडासा भात."

"माय, उतरू नको!" धर्मपाल मागून ओरडला.

"मी कुठं उतरून राह्यली? पाय खाली टेकवून राह्यली फक्त."

"काहून, नागपूरची झाली तं बहिणीच्या हातचं गोड लागत नाही काय?" रुखमाबाईंनी गंज खाली ठेवला आणि वाढायलाही घेतलं.

"मोटार सुटन ना व!"

"कशी सुटन? डायवर तं जेवून राह्यला."

धर्मपालनं खिडकीतून पाहिलं. निंबाखालच्या ओट्यावर ड्रायव्हर मांडी घालून बसला होता आणि पाटोडीच्या रस्स्यात भाकर कुस्करत होता. शेजारी देवसिंग.

"देवसिंगभाऊ, तुम्हीबी?"

"आता बावा, अन्नाले नाही म्हणू काय? मावशी, रस्सा घाला जरासा."

मोटारीतून कोणी ओरडलं, "मावशी, आम्हीबी भाचेच आहो तुमचे!" रुखमाबाईंनी त्यालाही भाकर दिली. मग त्याच्या शेजारच्याला दिली नाही तर बरं दिसलं नसतं. धर्मपाल घड्याळाकडं पाहत राहिला, आणि शेवटी भूक लागली म्हणून त्यानंही दोन खाल्ल्या.

घंटी वाजली. तेव्हा रुखमाबाई रिकामा गंज घेऊन मोटारीत चढल्या.

"तू कुठं?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"यवतमाळवरी. बोलणं कुठं झालं आपलं?"

यवतमाळला ऊनझरीच्या मोटारीची जागा होती, पण मोटार नव्हती. यानंतर एकच होती, संध्याकाळची मुक्कामी. ती रात्रभर ऊनझरीलाच थांबते आणि सकाळी परत फिरते. धर्मपालनं पिशवी खाली आपटली. "झाला सोमवारचा खाडा! सांगितलं होतं मी."

"धोंड्या, गप्प बस!" सत्यभामाबाई म्हणाल्या. नवं नाव त्या खुशीत वापरत, जुनं रागात. मग त्यांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "धर्मपाल, बाप्पू. परत जाऊ म्हणतोस तं जाऊ. तुह्या नोकरीपुढं कुंड काय आहे?"

धर्मपालनं पिशवी परत उचलली. मग म्हणाला, "अर्धा तास भेटत होता तुले. आता मुक्काम भेटते. चाल."

रुखमाबाईंनी आपण यवतमाळपर्यंतच येणार होतो हे कोणालाच आठवू दिलं नाही. मुक्कामी मोटारीत पहिल्या त्याच चढल्या.

ऊनझरीला उतरले तेव्हा दिवस मावळतीला होता. कुंडावर वाफ. शेजारी महादेवाचं देऊळ. "आपलं पाण्याशी काम आहे, देवाशी नाही," सत्यभामाबाई स्वतःशीच बोलल्या. ओट्यावर एक म्हातारा तंबाखू मळत बसला होता.

"कोणाकडचे?" त्यानं विचारलं.

हा प्रश्न दोघींनाही लहानपणापासून ओळखीचा होता.

"मोटारीकडचे," रुखमाबाई म्हणाल्या.

"तसं नाही, कोण म्हणतो मी."

"बहिणी-बहिणी आहो. दिसत नाही काय तोंडावरून?"

म्हाताऱ्यानं धर्मपालच्या रेल्वेच्या कोटाकडं पाहिलं, तंबाखू तोंडात टाकली. "पाय धुऊन उतरा," एवढंच म्हणाला.

लुगडं खोचून सत्यभामाबाई उतरल्या. मागं रुखमाबाई, बहिणीच्या पदराला धरून. पहिली पायरी. दुसरी. तिसरीवर खरंच बरं वाटलं. चवथीवर दोघी एकदम "हाय व माय!" म्हणून ओरडल्या आणि हसत सुटल्या. गुडघे त्या क्षणी कुठं गेले कोण जाणे. सत्यभामाबाई उजव्या कोपऱ्याकडं सरकल्या. पाणी गढूळ, वर वाफ, खालचं काही दिसत नव्हतं. पाय पुढं केला आणि तळवा चटकन पोळला.

"रुखमे! दगड आहे!"

रुखमाबाईंनीही पाय लावला, उचलला. दोघींचं हसणं थांबलं.

"बाई," रुखमाबाई हळूच म्हणाल्या, "हा वरून दिसत नाही."

"नाही दिसत."

"बाबा तं आपल्यासंग नालीपाशीच बसत जाय ना?"

सत्यभामाबाई गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या. धर्मपालनं हाका मारून मारून शेवटी त्यांना बाहेर काढलं.

सकाळच्या मोटारीत धर्मपालचा राग गेला होता. त्यानं आईला सगळं समजावलं. जमिनीच्या पोटात बॉयलरसारखी गरमी असते. पाणी खाली मुरतं, तापतं, फटीतून वर येतं; वास येतो तो गंधकाचा. सत्यभामाबाई मान हलवत होत्या. शेजारी रुखमाबाई रिकामा गंज मांडीवर घेऊन झोपल्या होत्या.

"समजलं ना, माय?"

"हाव, समजलं. पाणी कायनं तापते ते सांगितलं तू." त्या खिडकीबाहेरच्या कपाशीच्या पऱ्हाटीकडं पाहत राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "पण आमचा बाबा त्याच्यात कवा उतरला असन रे, बाप्पू?"